शब्द पाळणारे कोच आणि आमचे 'स्पष्टवक्ते'

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलच्या रिक्रूटिंगवरच्या माझ्या लेखाला 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने एक प्रतिक्रिया आली आहे. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण लिहायला बसलो आणि ते वाढतच गेलं. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हायस्कूलचा गुणी खेळाडू आपल्याकडे ओढण्यासाठी कॉलेजांची जी चढाओढ चालते, तिच्यात आता पैसा उघडपणे आला आहे. पूर्वी तो मागच्या दाराने यायचा, त्यापेक्षा हे बरं, एवढंच माझं म्हणणं होतं.

त्यावर हे गृहस्थ लिहितात:

"सतरा वर्षांच्या पोरांचा लिलाव चाललाय आणि तुम्ही टाळ्या पिटताय. पूर्वी कोच घरी यायचा, आईच्या हातचं जेवायचा, शब्द द्यायचा आणि पाळायचा. आता एजंट आकडा सांगतो. ट्रान्सफर पोर्टलमुळे [कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी] छोट्या कॉलेजांनी घडवलेली मुलं मोठी कॉलेजं उचलून नेतात आणि हायस्कूलमधून येणाऱ्या साध्या मुलाला जागाच उरत नाही, त्यावर तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. मुलींच्या खेळाचं तर नावच नाही. टीव्हीपुढे बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. जमलं तर शुद्धलेखनही तपासा."

शेवटाकडून सुरुवात करतो. शुद्धलेखन तपासलं, दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, आभारी आहे. मुलींच्या खेळावर लिहिलं नाही हेही खरं. केटलिन क्लार्क ही बास्केटबॉलची स्टार आता आमच्याच गावात, इंडियानापोलिसला, खेळते. तिने घरचं राज्य सोडून नोत्र दामला जायचं की आयोवातच राहायचं, यावर एक अख्खा लेख होईल. मान्य.

आता शेळ्या. अहो साहेब, मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. तरीही मी टीव्हीपुढे बसून लिहितो हे तुम्हाला परस्पर कसं कळलं? मी नागपाड्यात बास्केटबॉल शिकलो. नागपाडा आणि बास्केटबॉल हे नातं काय आहे ते मुंबईकराला सांगावं लागत नाही, तुम्हाला लागत असेल तर विचारून घ्या. बॉब नाइट या नावाजलेल्या कोचना इंडियाना विद्यापीठाने 2000 साली काढलं, त्याच्या आधीपासून मी या राज्यात राहतोय. इथे हायस्कूलच्या मॅचला गाव दुकानं बंद करून जातं. माझा मुलगा हायस्कूलच्या टीममध्ये होता. बेंचवरचाच होता, खोटं कशाला सांगू? पण त्याच्यापायी कितीतरी उन्हाळे मी गाडी भरून पोरं या जिमपासून त्या जिमपर्यंत नेली आहेत.

जुलैतली ती जिम तुम्ही पाहिली आहे का? एका छपराखाली सहा-आठ कोर्टं, सगळीकडे एकदम शिट्ट्या, घामाचा आणि नाचो चीजचा वास. आणि बेसलाइनला फोल्डिंगच्या खुर्च्यांवर कोच लोकांची रांग, प्रत्येकाच्या पोलो शर्टावर कॉलेजचं बोधचिन्ह. या दिवसांत त्यांना खेळाडूशी किंवा आईबापांशी समोरासमोर बोलायची परवानगी नसते, फक्त खेळ बघायचा. मग ते काय करतात? दिसतील असे बसतात. ज्या पोरावर डोळा आहे त्याच्या प्रत्येक मॅचला हेडकोच जातीने पहिल्या रांगेत हजर. मॅच काय चाललीय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, पोराने आपल्याला पाहिलं पाहिजे. आणि पोरंही पाहतात. फ्री थ्रो मारायच्या आधी सोळा वर्षांचा मुलगा बास्केटकडे बघत नाही, खुर्च्यांकडे बघतो. आमच्या गाडीतल्या एका मुलासाठी पहिल्या दिवशी चार कोच बसले होते. दुसऱ्या दिवशी त्याचा घोटा दुखत होता, तरी तो खेळला, वाईट खेळला, आणि तिसऱ्या दिवशी त्या चारही खुर्च्या शेजारच्या कोर्टाकडे वळलेल्या होत्या. हे टीव्हीवर दाखवत नाहीत.

बरं, आता तुमच्या त्या जेवणाच्या वाक्याकडे येतो. पूर्वी कोच घरी यायचा, जेवायचा, शब्द द्यायचा आणि पाळायचा. या एका वाक्यात तुमचं सगळं आलं, म्हणून त्यालाच उत्तर देतो.

कोच घरी यायचा, जेवायचा, शब्दही द्यायचा. इथवर बरोबर. मी अशा एका जेवणाला हजर होतो. आमच्या शेजारच्या मुलाला एका मध्यम दर्जाच्या कॉलेजकडून स्कॉलरशिपची ऑफर होती. त्याची आई नर्स. फॉर्म आणि अटी वाचायला आपलं माणूस हवं म्हणून तिने मला बोलावलं होतं. थेट कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त दाखवून घ्यायला आला होता कोच. हेडकोचने दोनदा मॅकरोनी मागून घेतली, धाकट्या बहिणीच्या शाळेची चौकशी केली, आजीच्या पायाशी बसला. आणि 'फॅमिली' हा शब्द इतक्या वेळा म्हणाला की मी मनात मोजायला लागलो होतो. "चार वर्षं हा माझा मुलगा," असं त्या आईचा हात हातात घेऊन म्हणाला. नोव्हेंबरमध्ये पोराने सही केली. एप्रिलमध्ये कोच दुपटीच्या पगारावर दुसऱ्या राज्यात गेला. त्या घराला बातमी फोनवरच्या नोटिफिकेशनने कळली. नवा कोच आला, त्याने पोराला सभ्यपणे सांगितलं की तू माझ्या पद्धतीत बसत नाहीस.

आता तुमचा 'पाळायचा' यातला शब्द नेमका कुठे गेला ते मला दाखवा.

तुम्ही म्हणाल, एखादा कोच वाईट निघाला. नाही हो. व्यवस्थाच तशी होती. मुलगा ज्या 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट'वर सही करायचा, तो करार कॉलेजशी असायचा, कोचशी नाही. कोच दुसऱ्या दिवशी निघून गेला तरी मुलगा बांधलेला. कॉलेजने सुटका दिली नाही तर खेळायचं एक वर्ष जायचं. नंतर कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसायचं, तो नियम 2021 मध्ये सैल झाला. कोचला मात्र एक दिवसही बसावं लागत नव्हतं. आणि 'चार वर्षं माझा मुलगा' म्हणणाऱ्यांच्या हातात चार वर्षं नसायचीच, कारण 1973 पासून स्कॉलरशिप एकेका वर्षाची होती, दर वर्षी नव्याने द्यायची किंवा न द्यायची. बहुवर्षीय स्कॉलरशिपची मुभा 2012 मध्ये परत आली. ही कलमं मी त्या नर्सच्या स्वयंपाकघरात बसून वाचली आहेत. तुम्ही कुठे वाचलीत?

'पूर्वी' म्हणजे नेमकं कधी, तेही सांगून टाका. 1980 च्या दशकात? तेव्हा याच इंडियानात हेल्टनव्हिल नावाच्या खेड्यातला डेमन बेली आठवीत होता आणि बॉब नाइट त्याचा खेळ बघायला गेले होते. आठवीत! पुढे 1990 मध्ये त्याच बेलीची हायस्कूलची फायनल बघायला 41,046 माणसं आली. लोक अजून ती गोष्ट डोळे पुसत सांगतात, आणि सांगू देत, मलाही ती आवडते. पण चौदा वर्षांच्या पोरावर नजर ठेवणं तेव्हा चालत होतं आणि अठराव्या वर्षी त्याला पैसे मिळाले की संस्कृती बुडते, हे गणित मला जमत नाही.

की त्याच्याही आधी? जॉन वुडन यांच्याइतका सोज्वळ कोच झाला नाही असं म्हणतात, आणि त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण त्यांच्याच यूसीएलए विद्यापीठाच्या अवतीभोवती सॅम गिल्बर्ट नावाचा पैसेवाला बांधकाम व्यावसायिक खेळाडूंचा 'काका' होऊन वावरायचा, आणि 1981 मध्ये यूसीएलएवर कारवाई झाली तेव्हा त्यात त्याचे व्यवहार होते.

नियम पाळण्याचंही ऐका. केल्विन सॅम्पसन ओक्लाहोमात कोच असताना त्यांच्या स्टाफने खेळाडूंना नियमाबाहेर 577 फोन केले. फोन. पैसे नव्हेत. मग ते इंडियानात आले, तिथेही फोनचंच लफडं झालं, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये राजीनाम्यापोटी साडेसात लाख डॉलर्स घेऊन ते गेले. इथले लोक किती चिडले होते हे मी रोज ऑफिसात ऐकत होतो. पुढे पाच वर्षं कॉलेजांचे दरवाजे त्यांना जवळपास बंद होते. ती मुदत संपायच्या आत, जून 2012 मध्ये, नियमच बदलला: फोन करा, मेसेज करा, हवे तितके. आणि एप्रिल 2025 मध्ये तेच सॅम्पसन ह्यूस्टनला घेऊन राष्ट्रीय फायनलमध्ये उभे होते, फ्लोरिडाकडून 65-63 ने हरले. त्यांनी तेव्हाचा नियम मोडला, यात वाद नाही. पण ज्या नियमांना तुम्ही शील समजताय त्यांचं आयुष्य किती असतं ते बघा.

आणि हे तर मूळ लेखातही होतं, तुम्ही बहुधा तिथवर पोचला नाहीत. 26 सप्टेंबर 2017 ला एफबीआयने लाचखोरी आणि फसवणुकीच्या आरोपांवरून अटका केल्या. ऑबर्न, ॲरिझोना, ओक्लाहोमा स्टेट आणि यूएससी या चार ठिकाणचे असिस्टंट कोच, शिवाय अदिदासचा एक अधिकारी. त्यातलं एक प्रकरण ब्रायन बोवेन या मुलाचं. तो लुइव्हिलला यावा म्हणून त्याच्या वडिलांना एक लाख डॉलर्स द्यायचं ठरलं होतं. लुइव्हिल हे अदिदासने प्रायोजित केलेलं कॉलेज. महिनाभर आधीच दोघांचा दहा वर्षांचा 16 कोटी डॉलर्सचा करार जाहीर झाला होता. सोळा कोटी कायदेशीर, एक लाख गुन्हा. 2018 मध्ये खटला उभा राहिला तेव्हा फसवणूक कोणाची झाली म्हणे? विद्यापीठांची! ज्यूरीनेही ते मानलं. हेडकोच रिक पिटिनो यांची नोकरी गेली. आपल्याला काही माहीत नव्हतं असं ते पहिल्यापासून म्हणत होते आणि 2022 मध्ये चौकशी मंडळाने त्यांच्यावर ठपका ठेवला नाही. छान झालं. ते आता न्यूयॉर्कमध्ये सेंट जॉन्सचे कोच आहेत, 2025 मध्ये बिग ईस्ट ही त्यांची लीग जिंकून दाखवली. बोवेन? तो कॉलेजची एकही मॅच खेळू शकला नाही. ऑस्ट्रेलियात जाऊन खेळला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, आणि हा तुमचा 'पूर्वी'चा काळ.

आता नव्या काळातलं बघा. डिसेंबर 2024 मध्ये ए. जे. डिबान्सा या हायस्कूलच्या खेळाडूने कॅन्सस, अलाबामा, नॉर्थ कॅरोलायना बाजूला ठेवून ब्रिगहॅम यंग विद्यापीठ निवलं आणि ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर बसून ते जाहीर केलं. पैशाची चर्चा झाली, होणारच. पण तो आकडा त्याच्या नावावर आहे, त्यावर तो कर भरतो, आणि रात्री कोणी पाकीट घेऊन घराची बेल वाजवत नाही. तिथला कोच एनबीए या व्यावसायिक लीगमधून आलाय, पुढच्या धंद्याची तयारी तिथे होईल, हा हिशोबही त्या घराने केलाच असणार. आपली मुलं कॅम्पस प्लेसमेंटमध्ये पॅकेज विचारतात तेव्हा आपण त्यांना हुशार म्हणतो ना? का डिबान्सा उंच आहे म्हणून त्याने लाजायचं?

राहता राहिला पोर्टलचा मुद्दा. तो स्वतंत्र विषय आहे आणि प्रत्येक लेखात प्रत्येक विषय येत नसतो, एवढं लिहिणाऱ्या माणसाला समजून घ्या. खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांना 13 ऐवजी 15 जणांना स्कॉलरशिप देता येते, म्हणजे स्कॉलरशिपच्या जागा उलट वाढल्या. आणि छोट्या कॉलेजांचा कळवळा तुम्हाला खेळाडू गेल्यावरच कसा येतो? 2022 मध्ये जर्सी सिटीचं चिमुकलं सेंट पीटर्स राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचलं, पंधराव्या मानांकनाच्या संघाला ते आधी कधीच जमलं नव्हतं. हरल्यावर काही दिवसांतच त्यांचा कोच सीटन हॉलला गेला. तेव्हा तुम्ही कुठे प्रतिक्रिया लिहिली होती का? असो.

एजंटांबद्दल तुम्ही जे म्हणता त्यात थोडं तथ्य आहे. काही एजंट चोर आहेत. कोचही होते.

तुमची भाषा जरा सांभाळा, एवढी विनंती. इथे लोक नोकरीधंदा सांभाळून वाचायला येतात, बरेचजण आईवडिलांच्या वयाचे आहेत, आणि 'टाळ्या पिटताय' वगैरे मी चालवून घेतो म्हणून सगळ्यांनी घ्यावं असं नाही. मतभेद असतील तर मांडा, आकडे घेऊन या, मी छापतो. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, वर तशीच आहे. 'यापुढे तुमचं लिखाण वाचणार नाही' असं तुम्ही दुसऱ्या प्रतिक्रियेत कळवलं आहे, ते वाचलं. ती पहिल्या प्रतिक्रियेनंतर चाळीस मिनिटांनी आली, तेवढ्यात तुम्ही माझे आणखी दोन जुने लेख उघडलेले दिसतात, कारण तिथेही तुमच्या वेलांट्या येऊन पडल्या आहेत. त्या रविवारी बघतो.