डोळे शाबूत, पापण्या बंद

डोळा लवण्याबद्दलच्या एका लेखात वाचलं की डोळा लवणं म्हणजे थकवा, झोप काढा. माझ्या आईलाही 2 वर्षं हेच ऐकवलं गेलं. थेंब झाले, चष्मा बदलून झाला. ती मात्र भर रस्त्यात पापण्या घट्ट मिटून उभी राहायची! कानशिलावर बोट दाबलं की क्षणभर उघडायच्या. शेवटी न्यूरोलॉजिस्टनी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनी, आजाराचं नाव सांगितलं, ब्लेफरोस्पाझम. डोळे ठणठणीत, पण मेंदूच्या चुकीच्या इशाऱ्यांनी पापण्यांचा स्नायू आपोआप आवळतो. पापण्यांभोवती बोटॉक्स या स्नायू सैल करणाऱ्या औषधाची बारीक इंजेक्शनं दिली आणि आठवड्याभरात आई सुईत दोरा ओवायला लागली. औषधाचा जोर साधारण 3 महिने टिकतो, मग पुन्हा टोचून घ्यावं लागतं. खर्च जड जातो. तरीही दोन्ही डोळे असे मिटत असतील तर कृपया न्यूरोलॉजिस्टना दाखवा, नुसत्या थेंबांवर थांबू नका.