‘खरे यहुदी’ ठरवणारा फॉरवर्ड

माझ्या भाचीची मुलगी लंडनला असते. येत्या जुलैत तिची बात मित्झवा आहे, म्हणजे यहुदी मुलीचा वयात येण्याचा विधी; प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सुधारक, यहुद्यांच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) चारचौघांसमोर तोरा, म्हणजे आपला मूळ धर्मग्रंथ, वाचायचा आहे. गेल्या आठवड्यात ठाण्याच्या आमच्या एका काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर लांबलचक मराठी मजकूर टाकला. भाचीने तो मोठ्याने वाचला, पोरीने ऐकला, आणि रात्री मला फोन. “मावशी, ही विचारतेय, आपण खोटे ज्यू आहोत का?”

मजकूर तुमच्याकडेही आला असेल. सार असं: रिफॉर्म, लिबरल, प्रोग्रेसिव्ह म्हणवणारे सुधारक पंथांचे लोक खरे यहुदी नव्हेत, ते तोरा मानत नाहीत, बायकांना रब्बी (धर्मगुरू) करणं हे अमेरिकेचं अलीकडचं फॅड, त्यांच्या शाळांत हिब्रू नाही, नुसती समाजसेवा, भारतात असलं खूळ कधीच नव्हतं, आणि या लोकांमुळे मुलं परधर्मात लग्नं करून समाज संपवतात. खाली सही: ‘एक अभिमानी बेने इस्राएल’, म्हणजे आपल्यासारखाच कोकणातला मराठी यहुदी.

त्या सहीमुळेच माझं डोकं फिरलं. खरा कोण आणि खोटा कोण, हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा, आणि तोही आपण? अहो, १९६०च्या सुमाराला इस्राएलला गेलेल्या आपल्याच लोकांना लग्न लावायला गेल्यावर काय ऐकावं लागलं, ते काकांना ठाऊक नाही असं होणार नाही. तुमची आजी कोण, पणजी कोण, मागच्या पिढ्यांत कुणाचा काडीमोड नीट झाला होता का, कुणी बाहेरची बायको केली होती का, ते सिद्ध करा. मुख्य रब्बींच्या कार्यालयाने तसा लेखी आदेशच काढला होता. आपले पूर्वज अलिबाग-पेणकडचे तेली, त्यांच्या नातवंडांनी पणजीचे कागद आणायचे कुठून? लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. शेवटी १९६४ साली प्रकरण क्नेसेटपर्यंत, म्हणजे इस्राएलच्या संसदेपर्यंत, गेलं, सरकारने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत असं जाहीर केलं, आणि आदेशातून आपलं नाव निघालं. ही चौकशी प्रोग्रेसिव्ह मंडळींनी मागितली नव्हती. मागितली होती ती काकांच्या मते ‘खऱ्या’ असलेल्यांनी.

आणि शुद्धतेचीच मोजपट्टी लावायची, तर आपला प्रसाद, मलिदा घ्या. पोहे, खोबरं, साखर, फळं, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव. लग्न असो, नवस असो, मलिद्याशिवाय आपलं पान हलत नाही. शुल्खान अरूख या आपल्या नियमग्रंथात कुठे आहे तो? आपल्या आज्या योम किप्पूरला दरफळणीचा सण म्हणत, पुरीमला होळीचा सण म्हणत आणि सिनेगॉगला सरळ मशीद म्हणत. मला त्याचा अभिमानच आहे. पण कोकणात राहून धर्माने कोकणी वळण घेतलं की ती परंपरा, आणि लंडनमध्ये राहून लंडनचं घेतलं की भेसळ, हा हिशेब मला समजत नाही.

‘तोरा मानत नाहीत’ यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. प्रत्येक नियम आजही जसाच्या तसा बंधनकारक आहे असं प्रोग्रेसिव्ह लोक धरत नाहीत. १८८५च्या पिट्सबर्ग जाहीरनाम्यात अमेरिकन रिफॉर्म रब्बींनी खाण्यापिण्याचे सोवळे नियम बाजूला सारले, हेही खरं. मला स्वतःला ते जास्तच वाटतं. पण त्याच चळवळीने १९९९ साली, त्याच पिट्सबर्गमध्ये, सगळ्या मित्झवांचा, म्हणजे धर्माज्ञांचा, पुन्हा अभ्यास करायचं ठरवलं. फॉरवर्ड लिहिणारा १८८५लाच थांबला आहे.

आता बायकांचं फॅड. रेगिना योनास हे नाव काकांनी लिहून ठेवावं. बर्लिनची बाई. स्त्री रब्बी होऊ शकते का, यावर तिने १९३० साली प्रबंध लिहिला, आणि तो ‘काळ बदलला’ असं म्हणून नव्हे, हलाखाच्या, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांतूनच पुरावे काढून. तिचा निष्कर्ष: आड येतो तो लोकांचा पूर्वग्रह आणि सवय नसणं, शास्त्र जवळजवळ नाहीच. डिसेंबर १९३५मध्ये तिला रब्बीपद मिळालं. जर्मनीत. हिटलरच्या राज्यात. १९४२ साली तिला थेरेझीनश्टाटच्या नाझी छावणीत नेलं, तिथेही ती प्रवचनं देत राहिली, आणि १९४४मध्ये आउशविट्झला तिला मारलं. तिचे कागद पूर्व बर्लिनच्या दफ्तरखान्यात पडून होते, १९९१मध्ये ते पुन्हा कुणी उघडून पाहिले. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने पहिली स्त्री रब्बी केली ती १९७२ साली. मध्ये सदतीस वर्षं आहेत. याला फॅड म्हणणाऱ्याने निदान सन तरी बघावेत.

शाळांचा मुद्दा तर हास्यास्पदच. पोरगी गेलं वर्षभर हिब्रू वाचते आहे, स्वरांच्या खुणांसकट गाऊन, कारण हस्तलिखित तोरात ना स्वर असतात ना खुणा. तिच्या वाट्याला तोरातल्या ‘गणना’ या पुस्तकाचा अध्याय २७ आलाय. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा, मोशेपुढे उभ्या राहून म्हणतात, भाऊ नाही म्हणून बापाचा वाटा आम्हाला का नको? मोशेला उत्तर सुचत नाही. तो देवाला विचारतो, आणि देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे. नियम बदलतो. तोरातच. वाचून झाल्यावर यावर तिला आपल्या शब्दांत बोलायचंय, आणि पटलं नाही तर पटलं नाही असंही सांगायचंय. काकांनी आणि मी लहानपणी तोंडपाठ म्हटलं. अर्थ विचारला असता तर धपाटा मिळाला असता. समाजसेवेचं म्हणाल, तर १९६४ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हाकेवरून फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला जाऊन सोळा रिफॉर्म रब्बींनी अटक करवून घेतली होती. न्यायासाठी बोलणारा आमोस संदेष्टा वाचला असेल त्याला यात धर्म दिसेल.

‘भारतात कधीच नव्हतं’. भायखळ्याला रोदेफ शालोम हे प्रोग्रेसिव्ह सिनेगॉग आहे, जाऊन बघा. डॉ. जेरूशा झिराड लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या, तिथे लिबरल यहुद्यांची उपासना पाहिली, आणि १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजियस युनियन काढली. प्रोग्रेसिव्ह यहुद्यांची जागतिक संघटना निघाली १९२६ला. मुंबई एक वर्ष पुढे होती! आणि झिराडबाई कोण, तर कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, पुढे पद्मश्री. काकांचा जन्मही कामाचाच, हे मी आजीकडून ऐकलंय.

उरलं मिश्र लग्नांचं. इथे मात्र आकडे काकांच्या बाजूने आहेत. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२०च्या पाहणीत अमेरिकेतल्या विवाहित रिफॉर्म यहुद्यांपैकी ५८ टक्क्यांचे जोडीदार यहुदी, ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, यहुद्यांत ९८. काळजी करण्यासारखंच आहे, मलाही वाटते. पण अशा जोडप्यांची मुलं कुठे तरी हिब्रू शिकताहेत ती बहुतेक याच लोकांच्या शाळांत. दार लावून घेणाऱ्यांकडे ती जाणार कशी? आपल्या ग्रुपवरच्या अशा लग्नांची यादी मी इथे देत नाही. काकांच्या धाकट्याचं लग्न सगळ्यांनी जेवून साजरं केलं होतं, मलिद्यासकट.

भाचीला सांगितलं, पोरीला म्हणावं होग्लाचा उच्चार नीट घोक, तिथे अडखळतेस. काकांना जुलैच्या कार्यक्रमाची लिंक पाठवली आहे. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.