घरातली रिळं कुणाची?

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगने घरी केलेलं ध्वनिमुद्रण ऐकताना आधी संकोच वाटतो. जेवणावरच्या गप्पा, मित्रांचे विनोद, मध्येच ट्रम्पेटचा रियाझ, आणि नवरा-बायकोचे वादसुद्धा. आपण हे का ऐकतोय, असं मनात येतंच.

पण मला वाटतं, हे ऐकायला हरकत नाही. कारण मशीन त्याने स्वतः लावलं होतं. १९५०च्या सुमारास टेपरेकॉर्डर घेतल्यापासून १९७१ साली जाईपर्यंत त्याने घरात, हॉटेलांच्या खोल्यांत, ग्रीनरूममध्ये ७००च्या आसपास रिळं भरली. रिळांच्या खोक्यांवर फोटो आणि कात्रणं कापून चिकटवली. शेवटच्या आजारपणात घरी बसून नव्याने त्यांच्या याद्या केल्या, त्याही हाताने लिहून. असा माणूस हे केवळ स्वतःपुरतं ठेवत नव्हता.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याची बायको, लुसिल. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं, कोरोना भागातलं ते घर तिनेच १९४३ मध्ये घेतलं, तेसुद्धा तो दौऱ्यावर असताना. त्या रिळांत तिचाही आवाज आहे, तिचे रागाचे क्षण आहेत. तो गेल्यावर नको ती रिळं फेकून द्यायला तिला कोण अडवणार होतं? तिने सगळं जपलं. १९८३ मध्ये ती गेली. आज त्या घराचं संग्रहालय आहे आणि ज्या खोल्यांत तो बोलला, तिथेच त्याचा आवाज ऐकवतात. दोघांचीही संमती आहे, म्हणून ते ऐकणं मला निखळ वाटतं.

आता आपल्याकडचं दुसरं टोक. अन्नपूर्णादेवी, सूरबहार हे सतारीसारखं वाद्य वाजवणारी. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांची मुलगी, मुंबईत दार लावून राहिली. बेल तीनदाच वाजवा, दार उघडलं नाही तर चिठ्ठी ठेवून जा, अशी पाटीच दारावर होती. मैफली तिने १९५०च्या दशकातच थांबवल्या, ध्वनिमुद्रण करू द्यायची नाही. तिचं सूरबहार ऐकायची ओढ मलाही आहे, फार आहे. तरी उद्या तिच्या घरात कुणी लपून केलेलं काही बाहेर आलं, तर ते मी ऐकणार नाही आणि पुढेही पाठवणार नाही. थोर कलाकार आहे म्हणून तिचा नकार आपल्याला मोडता येत नाही.

या दोन टोकांच्या मधे आपल्या हजारो घरगुती बैठका आहेत. बुवांसमोर माइक ठेवलेला, त्यांना ठाऊक असलेला, यजमानांनी हौसेने भरलेली स्पूल. ओळखीच्या एका घरात अशा कॅसेट्सची पेटी घर रंगवताना रद्दीत गेली. याचा मला अजून राग येतो! मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेसारख्या ठिकाणी संग्रह आहे, गुरुग्रामला एआरसीई हे संगीताच्या ध्वनिमुद्रणांचं, १९८२ मध्ये सुरू झालेलं संग्रह-केंद्र आहे. कलाकाराच्या घरच्यांना आधी विचारा, ते हो म्हणाले तर अशा ठिकाणी चौकशी करा.

आणि कपाटातल्या टेपवर पांढरी बुरशी दिसली तर वाजते का बघायला ती मशीनमध्ये घालू नका. बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे टेप जिथे घासून वाजते त्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या टेपला. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. दरम्यान आजी-आजोबांना विचारून राग कोणता, तबल्याला कोण, कोणाच्या घरी, साल कोणतं, हे डबीवर लिहून टाका.