दमलेली परिचारिका, दोन अदूल आणि कलम 49

मोरोक्कोतील परिचारिका आणि सुईणी थकून नोकरी सोडतात किंवा देश सोडतात, तेव्हा 'लग्नानंतर बायकांना हे झेपत नाही' असे म्हणून विषय मिटवला जातो. मला हे साफ अमान्य आहे. रुग्णालय आणि घर या दोन्ही ठिकाणी एकाच बाईचे श्रम गृहीत धरले, तर ती मोडणारच. मी जर्मनीत परिचारिका आहे. आमच्या वॉर्डात मोरोक्कोहून आलेल्या काही मुली आहेत. रात्रपाळीत त्यांच्याकडून पुष्कळ ऐकले आणि त्यांच्यापैकी एकीच्या बहिणीच्या लग्नाला मेक्नेसला गेले, तेव्हा त्यातले बरेचसे डोळ्यांनी पाहिले.

रुग्णालयांची स्थिती आता जगजाहीर आहे. तिथे 10,000 लोकसंख्येमागे आठ डॉक्टरही नाहीत, आणि शिकून तयार झालेल्यांपैकी बरेच जण फ्रान्स-जर्मनीची वाट धरतात. सप्टेंबर 2025मध्ये अगादीरच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर काही स्त्रिया दगावल्याच्या बातम्या आल्या आणि त्या महिन्याच्या अखेरीस देशभरातील तरुण मुले रस्त्यावर उतरली. 2030च्या फुटबॉल विश्वचषकासाठी स्टेडियम उभी राहतात, मग दवाखाने कुठे आहेत, हा त्यांचा सवाल होता. अशा वेळी नातेवाइकांचा संताप सर्वांत आधी झेलते ती खाटेशेजारी उभी असलेली परिचारिका. खाटा, औषधे आणि माणसे किती असावीत, हे ठरवताना मात्र तिला कोणी विचारलेले नसते.

मेक्नेसची नवरी ही अशीच एक सुईण. तिची नेमणूक अॅटलासच्या डोंगराळ भागातल्या एका आरोग्य केंद्रात आहे आणि नवरा शहरात नोकरी करतो. मोरोक्कोतील लग्न संध्याकाळी सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. दूध-खजुराने स्वागत होते, आणि नवरीला सजवणारी नेगाफा तिला एकामागून एक पोशाख बदलायला लावते. मग अमारियात, म्हणजे पालखीत, बसवून तिला खांद्यावरून मिरवतात. हा सोहळा मला मनापासून आवडला. इतक्या माणसांनी एखाद्या मुलीला एका रात्रीपुरते तरी डोक्यावर घ्यावे, यात काही वावगे नाही. पण तिसऱ्या पोशाखाच्या वेळी आतल्या खोलीत नेगाफा तिचा जड सोनेरी कमरपट्टा सैल करत होती आणि नवरी सुजलेली पावले उशीवर टेकवून डोळे मिटून बसली होती. लग्नाच्या दोनच दिवस आधीपर्यंत ती ड्युटीवर होती. तेवढ्यात नवऱ्याच्या आत्याने विचारले, "बदली कधी होणार? नाहीच झाली तर नोकरी सोडशील ना?" नवऱ्याने बदली मागावी, असे मात्र कोणाच्या मनातही आले नाही.

माझे म्हणणे नेमके इथे आहे. मोरोक्कोत विवाहाचा करार दोन अदूल, म्हणजे विवाहाची नोंद करणारे अधिकृत लेखनिक, लिहून घेतात. वधूला द्यायचा 'सदाक', म्हणजे मेहर, किती, हे त्यात नमूद होते आणि त्यावर दोन्ही घरांत मोकळेपणाने बोलणी होतात. 2004च्या कौटुंबिक कायद्याने, म्हणजे मुदव्वनाने, कुटुंबाची जबाबदारी पती-पत्नी दोघांवर ठेवली. त्याच कायद्याचे कलम 49 सांगते की लग्नानंतर मिळवलेल्या मालमत्तेची वाटणी कशी व्हावी, याचा वेगळा करार जोडप्याला करता येतो, आणि ही तरतूद समजावून सांगणे हे अदूलांचे कर्तव्य आहे. माझ्या मैत्रिणी सांगतात की त्यांच्या घरांत हा विषय काढणे अपशकुनी मानले जाते. शुभकार्यातच घटस्फोटाची भाषा कशाला, असे वडीलधारी म्हणतात. मग होते काय, की परिचारिकेचा पगार घरखर्चात जिरतो, घर नवऱ्याच्या नावावर होते, आणि पुढे वाद न्यायालयात गेला तर आपण किती राबलो याचा पुरावा तिलाच गोळा करावा लागतो.

डिसेंबर 2024मध्ये या कायद्यातील बदलांचे जे प्रस्ताव जाहीर झाले, त्यांत पत्नीच्या घरकामाला मालमत्तेतील योगदान मानण्याचा मुद्दा आहे. त्यावर तिथल्या घराघरांत तावातावाने वाद झाले. माझ्या लेखी हा प्रस्ताव आरोग्यसेवेचाही आहे, कारण रात्रपाळी करून आलेल्या बाईने रमजानमध्ये इफ्तारचा हरीरा शिजवला, तर ते काम कोणत्याच हिशेबात धरले जात नाही, आणि पुढच्या पाळीला ती तोच थकवा घेऊन वॉर्डात उभी राहते. सरकारने भरती करावी, पती-पत्नीला एका ठिकाणी आणणाऱ्या बदल्या वेळेवर कराव्यात, हे तर हवेच. त्याबरोबर अदूलांनी कलम 49 नवरा-नवरी दोघांना, दोन्हीकडच्या आत्या-मावश्यांच्या देखत, मोठ्याने वाचून दाखवावे, आणि सदाकच्या रकमेइतक्याच सहजपणे त्यावरही त्याच बैठकीत बोलणी व्हावीत.