तीनशे ओहम, तीन शिट्ट्या

माझ्या जुन्या हेडफोनच्या गाद्या सोलवटल्या आणि त्यांचे काळे पापुद्रे सदऱ्याच्या खांद्यावर पडू लागले, तेव्हा आमच्या घरात नवा हेडफोन घेण्याचा ठराव मांडण्यात आला. ठराव मांडणारा मी होतो आणि अनुमोदकही मीच होतो. परंतु ते पापुद्रे ज्या व्यक्तीला रोज झटकावे लागत होते तिने विरोध केला नाही, एवढ्या भांडवलावर तो एकमताने संमत झाला असे मी धरून चाललो. गाणे ऐकायचे ते घरीच, रविवारी सकाळी आणि एरवी रात्री जेवणानंतर. प्रवासात ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये हात कानापर्यंत नेण्याची सोय नसते. इतक्या साध्या गरजेला फार तर एक संध्याकाळ पुरेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्या पावसाला सुरू झालेला शोध दिवाळीच्या फराळापर्यंत चालला.

‘बाबा, घरीच ऐकणार असशील तर ओपन-बॅक घे, आणि वायरवालाच घे,’ असे मुलीने सांगितले आणि ती कॉलेजला निघून गेली. ओपन-बॅक म्हणजे मागून उघडा. नेहमीच्या हेडफोनमध्ये आवाज करणाऱ्या पडद्याच्या पाठीमागे प्लॅस्टिकची बंद वाटी असते. पडदा कानाकडे जेवढा आवाज ढकलतो तेवढाच तो मागेही ढकलतो, आणि मागचा आवाज वाटीवर आपटून परत फिरला की गाणे डब्यात बसून गायल्यासारखे वाटते. उघड्या हेडफोनला वाटीच्या जागी जाळी असते. मागचा आवाज तिच्यातून निघून जातो, कानाजवळची हवा कोंडत नाही, आणि गाणारा आपल्या कवटीत न बसता समोर चार हातांवर सतरंजी टाकून बसला आहे असा भास होतो. त्याच्या बदल्यात अगदी खालचे स्वर थोडे विरतात, म्हणजे डग्ग्याचा घुमारा किंचित पातळ होतो, आणि मुख्य म्हणजे आतले बाहेर व बाहेरचे आत ऐकू येते. हे शेवटचे मी तेव्हाच वाचले होते. समजले मात्र नव्हते.

कल्पना तशी जुनीच आहे. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ नावाचा उघडा हेडफोन बाजारात आणला; त्याच्या गाद्या पिवळ्याधमक स्पंजच्या होत्या आणि छायाचित्रात तो गाणे ऐकण्यापेक्षा भांडी घासायच्या तयारीत असल्यासारखा दिसतो. म्हणजे हा प्रश्न मी पाळण्यात असतानाच सुटलेला होता. तो मी पन्नाशीनंतर पुन्हा सोडवायला घेतला.

मग ओहम आले. हेडफोनच्या आतली तारेची गुंडाळी विजेला जो विरोध करते तो ओहममध्ये मोजतात आणि तो प्रत्येक हेडफोनचा निराळा असतो. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० तर ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन अवतारांत निघालेला आहे, जशी एकाच दुकानात मिसळ कमी तिखट, मध्यम आणि झणझणीत मिळावी. मोबाइलला वायरवाला हेडफोन जोडायची जी बोटभर शेपटी मिळते ती फार तर एक व्होल्टाच्या आसपास जोर लावते आणि तीनशे ओहमच्या हेडफोनला त्यातून जेमतेम तीन मिलीवॉट मिळतात. हे पुरेसे आहेत की नाहीत, जोर वाढवणारा वेगळा अ‍ॅम्प घ्यावा की नाही, या विचारात मी इतका बुडालो की एका रात्री आईने हाक मारून विचारले, ‘अरे, सारखं ओहम ओहम काय पुटपुटतोस? सोहम म्हणतात त्याला.’

पुढे कळले की एकट्या ओहमवरून काहीच ठरत नाही. मिळालेल्या विजेतून हेडफोन किती आवाज काढतो हेही पाहावे लागते, आणि ‘प्लेनर’ जातीचे काही हेडफोन कागदावर अवघे तीसबत्तीस ओहम दाखवून प्रत्यक्षात तीनशेवाल्यापेक्षा जास्त वीज खातात. ही गोष्ट समजून घेणे मला जड गेले नाही. ‘मला अगदी अर्धीच पोळी’ असे म्हणून पानावर बसणारे दोन गृहस्थ आमच्या नात्यात आहेत.

वाचनाने प्रश्न सुटेना तेव्हा प्रत्यक्ष ऐकून निवड करावी असे ठरवले आणि एका शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे बदलून बराच काळ लोटला. तरी तिथे जाऊन ते नाव घेतले तर माणूस पत्ता चुकला आहे असे समजून लोक त्याला स्टेशनचा रस्ता दाखवतात. तिथल्या एका दुकानात उघडे हेडफोन मिळतील असे कळले होते आणि ते खरोखरच तीन होते. दुकानदाराने पहिला काढून माझ्या हातात दिला आणि लगेच काळजीच्या सुरात म्हणाला, ‘साहेब, एक सांगू? ह्याला मागून जाळी आहे. आवाज सगळा बाहेर जाणार.’ मी म्हणालो, ‘मला तसाच हवा आहे.’ त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी गळकी बादली मुद्दाम मागतो आहे. ‘ब्लूटूथ पण नाही ह्यात,’ तो म्हणाला. तेही मला नकोच होते. इतक्या गोष्टी नको असलेले गिऱ्हाईक एवढे पैसे द्यायला तयार आहे याचा त्याला काही केल्या मेळ लागेना, आणि अखेर ‘ऐका बाबा’ असे म्हणून त्याने खुर्ची पुढे सरकवली.

मी मोबाइलवर तानपुऱ्याचे एक ध्वनिमुद्रण नेले होते, कारण हेडफोन खरा की खोटा हे जवारीवर, म्हणजे तारांच्या झंकारावर, कळते असा माझा स्वतःचा सिद्धांत आहे. पहिल्या हेडफोनमधून मला तानपुरा, त्याच्या मागे टॅक्सीचा हॉर्न आणि उजव्या बाजूने ‘बाजू, बाजू’ असे ओरडत जाणारा हातगाडीवाला ऐकू आला. दुसऱ्यातून तोच रस्ता थोडा अधिक गोड वाटला. तिसऱ्यातून लॅमिंग्टन रोडचा विस्तार, खोली आणि प्रत्येक वाहनाची नेमकी जागा इतकी लख्ख उमटली की हा हेडफोन सर्वांत चांगला असला पाहिजे हे मला पटले. तानपुरा मात्र कुठे राहिला ते शेवटपर्यंत समजले नाही.

तरीही मी एक घेतला. त्याचे नाव मी कोणालाही सांगत नाही, कारण नाव सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो आणि ‘अरेरे, मग तो दुसरा का नाही घेतलास?’ असे विचारतो, आणि तो दुसरा कोणता हे माणसागणिक बदलत असते. एवढेच सांगतो की तो तीनशे ओहमचा आहे, पाव किलोच्या आसपास वजनाचा आहे आणि त्याची वायर तीन मीटर लांब आहे. तिच्या टोकाला पाव इंची पिन आहे, ती मूळची एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसणारी. माझे डोके कारखान्याच्या अंदाजापेक्षा मोठे निघाल्यामुळे हेडफोन कानशिलांना आवळू लागला, तेव्हा त्याची कमान सैल व्हावी म्हणून मी तो आठवडाभर जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर चढवून ठेवला. पिनेला तेवढेच माहेरी गेल्यासारखे वाटले असेल.

पहिल्या रात्री दिवे मालवून, डोळे मिटून बसलो आणि माझे आवडते ध्वनिमुद्रण लावले. गाणारा समोर चार हातांवर बसायला हवा होता. तो थेट माझ्या टाळूखाली, बरोब्बर मधोमध येऊन बसला. मी वायर तपासली, पिन पुन्हा खोचली, हेडफोन उलटा घालून पाहिला. दुसऱ्या दिवशी मुलीने माझ्या संग्रहावरून बोट फिरवले आणि ती पोटभर हसली. माझा संग्रह म्हणजे तीन मिनिटांच्या तबकड्या, रेडिओवरून घेतलेली गाणी आणि जुन्या मैफली. जवळजवळ सगळा मोनो. त्यात डावे-उजवे मुळातच नाही. पाच महिने मी ज्या प्रशस्त रंगमंचासाठी हेडफोन निवडत होतो, त्या रंगमंचावर चढेल असे माझ्याकडे एकच गाणे निघाले: धाकट्या काकांनी १९८७ साली त्यांच्या एका मित्राच्या घरी सकाळच्या बैठकीत, दोन माइक लावून कॅसेटवर टिपलेली तोडी.

ती मात्र ऐकावी अशी आहे. डावीकडे तबलजी, उजवीकडे पेटी, कोणीतरी खाकरतो आहे, कोणाची तरी बशी कपाला लागते आहे. बैठकीनंतर जेवण होते, त्यामुळे मागे आतल्या खोलीत बायकांची लगबगही आहे. जुन्या हेडफोनमध्ये हे सगळे मला टेपची खरखर म्हणून ऐकू येत असे. आता त्या खरखरीतून एकेक माणूस उठून बसला.

दरम्यान हेडफोनच्या जाळीने दुसऱ्या दिशेनेही काम सुरू केले होते. एका सकाळी साडेसातला मी बसलो असताना आई काठी टेकत आली आणि म्हणाली, ‘मारवा लावलायस का रे? ही काय मारव्याची वेळ आहे?’ दारावरची घंटा तिला दोनदा वाजवल्याशिवाय ऐकू येत नाही. पण माझ्या कानाशेजारून झिरपणारा कोमल रिषभ तिला पलीकडच्या खोलीत बरोबर पोचला होता. तेव्हापासून मी काय ऐकतो याचे वेळापत्रक आई पाहते. कामाच्या बाई केर काढताना आधी ‘दादा, पाय उचला’ म्हणत. आता ‘दादा, वायर उचला’ म्हणतात.

खरे नुकसान याहून खोल होते. जुन्या बंद हेडफोनचा सर्वांत मोठा गुण कुठल्याही पत्रकात छापलेला नव्हता: तो कानावर असताना मला हाक ऐकू येत नसे, आणि येत नाही हे घरात सर्वमान्य होते. गिरणीवर जाणे, माळ्यावरून पिंप काढणे, सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलणे अशी कितीतरी कामे त्या दोन वाट्यांनी अकरा वर्षे अडवून धरली होती. नव्या हेडफोनमधून हाक पहिल्या फटक्यात येते, आणि ती येते हे बायकोने दुसऱ्याच दिवशी अगदी हलक्या आवाजात ‘लाडू संपले वाटतं’ असे म्हणून सिद्ध केले. मी डोळे मिटलेलेच ठेवून ‘वरच्या डब्यात आहेत’ असे उत्तर दिले आणि सगळे हातचे घालवले.

शेवटी घ्याव्याच लागलेल्या अ‍ॅम्पला मोकळा प्लग मिळाला तो फ्रिजशेजारी, म्हणून मी आता जेवणाच्या टेबलाशी, स्वयंपाकघराच्या तोंडाशी बसतो. ही जागा गाणे ऐकण्याची नव्हे, असे बायकोने सुचवून पाहिले. तेव्हा मी तिला नॅथॅनिएल बाल्डविन या गृहस्थाची हकिगत सांगितली, ज्याने १९१० साली युटामधल्या आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून अमेरिकेच्या नौदलाला पुरवले. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘म्हणजे त्यांचं कुकरकडेही लक्ष राहत असेल.’

त्या रविवारी ती पिशवी घेऊन निघाली. ‘अहो, भाजी आणायला जातेय. वरणाचा कुकर लावलाय. आता तुम्हाला ऐकू येतं, तेव्हा तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.’ मी मान डोलावली आणि तोडी लावली. विलंबित रंगत गेले. पहिली शिट्टी मी डाव्या हाताचे बोट मिटून मोजली, पुढे काही वेळाने दुसरी, आणि गवई समेवर येता येता तिसरी. हेडफोन डोक्यावर तसाच ठेवून, वायर ताणून, पायाच्या चवड्यांवर उभा राहून मी गॅस बंद केला आणि समेला दाद द्यायला वेळेवर परत आलो.

बायकोने आल्यावर कुकर उघडला, डाळीचा एक दाणा बोटांत धरून दाबला आणि तो माझ्यापुढे धरला. तो दबला नव्हता. ‘किती झाल्या?’ ‘तीन. मी मोजल्या.’ ‘दोनच झाल्या,’ आई आतून म्हणाली. मी वाद घालणार होतो. पण काहीतरी शंका येऊन गाणे मागे नेले आणि हेडफोन बायकोच्या कानाला लावला. समेच्या थोडी अलीकडे, पेटीच्या पलीकडून, आतल्या खोलीच्या अंतरावरून ती स्वच्छ आली. आमच्या वरणाला धरलेली तिसरी शिट्टी १९८७ सालच्या कुकरची होती.