कॅराव्हॅनचं आदर्श गिऱ्हाईक कसं व्हावं

कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आपल्या आवडीप्रमाणे बांधून घ्यायचं ठरवलंत, फार उत्तम केलंत. तयार कॅराव्हॅन काय, कुणीही घेतं. तिच्या आराखड्यावर कुणीतरी आधीच डोकेफोड केलेली असते, पहिल्या गिऱ्हाइकांनी तिचे दोष बोंबलून सांगितलेले असतात आणि कंपनीने नाइलाजाने ते दुरुस्तही केलेले असतात. अशा वापरून गुळगुळीत झालेल्या मालात काय राम? तुमची कॅराव्हॅन जगात एकमेव असेल. तिचे दोषही एकमेव असतील आणि ते शोधून काढायचा पहिला मान तुमचाच.

शिवाय या हौसेला परंपरा आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स या ब्रिटिश आरमारातल्या निवृत्त डॉक्टरने निव्वळ भटकंतीसाठी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून एक कॅराव्हॅन बांधून घेतली. तिचं नाव 'वाँडरर'. वजन सुमारे दोन टन, ओढायला दोन घोडे. समोरच्यांना वर्दी द्यायला डॉक्टरसाहेबांचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे निघायचा. तुमच्यात आणि त्यांच्यात फरक इतकाच, की ओझं झेपत नसेल तर घोडा चढावर थांबतो आणि मालकाला समजतं. तुमची गाडी बिचारी काही बोलत नाही, त्यामुळे विक्रेत्यांचा धंदा बराच सोपा झालाय.

शोरूममध्ये जाताना मोजपट्टी आणि वही चुकूनही नेऊ नका. मोजपट्टीवालं गिऱ्हाईक दिसलं की सेल्समनचा चेहरा पडतो, आणि इतक्या गोड माणसाचा चेहरा पाडून आपल्याला काय मिळणार? घरच्या सगळ्यांना मात्र आवर्जून न्या. मुरलेला सेल्समन मुलांना आधी बंक बेडवर चढवतो, त्यांना खाली उतरवायचं काम तुमच्यावर सोडतो आणि त्या गडबडीत ऑप्शनची यादी पुढे सरकवतो. मग विचारतो, "सर, कुठे कुठे फिरायचा विचार आहे?" मोकळेपणाने सांगा. समुद्र म्हणालात की बाहेरचा शॉवर आला, नाहीतर वाळू आत येणार. डोंगर म्हणालात की हीटर. लांबचा पल्ला म्हणालात की पाण्याची दुसरी टाकी. पावसाळ्यातही जाऊ म्हणालात की चारी बाजूंनी बंद होणारा मंडप. तुम्ही स्वप्न सांगत राहायचं, तो टिकमार्क करत राहणार. वर्षातून नक्की किती रात्री त्यात झोपाल, हे तो विचारणार नाही. घरातलं कुणी विचारलंच तर त्याला बंक बेडवर चढवा.

मग ड्रॉइंग येतं. ड्रॉइंगमध्ये भिंती नसतात, नुसत्या रेषा असतात. खऱ्या भिंतीला जाडी असते, एका बाजूची तीनेक सेंटिमीटर धरा. चाकांचे कोनाडे आत घुसतात, कपाटाच्या दारांना उघडायला जागा लागते. पण या क्षुद्र गोष्टींनी रेषांचं सौंदर्य बिघडवू नये. लांबी विचारलीत तर सांगितलेला आकडा बहुधा गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यासकटचा असेल. दांड्यावर झोपायची तयारी असेल तर तक्रारीला जागा नाही.

पलंग उभा की आडवा, असा प्रश्न येईल. आडवाच घ्या, ड्रॉइंग सुटसुटीत दिसतं. कॅराव्हॅनची रुंदी असते जेमतेम सव्वादोन-अडीच मीटर, त्यामुळे आडव्या पलंगावर एकाला भिंतीच्या बाजूला कोंबून झोपावं लागतं. रात्री दोन वाजता त्याला उठायचं झालं तर आधी जोडीदाराच्या पोटावर गुडघा, मग "सॉरी", मग वरच्या कपाटावर डोकं, मग दुसऱ्या बाजूने जे ऐकू येतं ते. यातून संसारातला संवाद वाढतो. ऑर्डर देण्याआधी शोरूममधल्या पलंगावर दोघांनी खरंच आडवं होऊन बघावं, असा एक आगाऊ विचार मनात येईल. आवरा. लोक काय म्हणतील? काठावर टेकून दोनदा गादी दाबा आणि "वा" म्हणा, तेवढं पुरे. टॉयलेटमध्ये बसून, दार लावून, गुडघे कुठे टेकतात ते बघणारी माणसंही असतात म्हणे. त्यांचं सोडा.

आता तुमच्या सूचना. मनसोक्त द्या, त्यासाठीच तर कस्टम. स्वयंपाकाचा ओटा मागे घ्या, वॉशिंग मशीन त्याच्या शेजारी, मागच्या बंपरवर दोन स्टेपन्या आणि त्यावर सायकलींचा स्टँड. सेल्समन एकाही गोष्टीला नाही म्हणणार नाही. "होऊन जाईल सर." तो इंजिनिअर नाही, नाही कशासाठी म्हणायचं हेच त्याला ठाऊक नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला शोरूममध्ये बसवत नाहीत. कॅराव्हॅनच्या नाकाचा भार गाडीच्या टो बॉलवर, म्हणजे ती अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, पडतो. तो एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के असावा असं मानतात. बांधणीप्रमाणे आणि देशाप्रमाणे आकडा बदलतो. मागे सामान रचत गेलात की नाक हलकं होतं. मग उतार लागला, वेग वाढला, शेजारून एखादा ट्रक सणसणत गेला की कॅराव्हॅन मागे झोके घ्यायला लागते आणि तिच्याबरोबर गाडीही. ओटा मात्र ड्रॉइंगमध्ये मागेच छान दिसत होता, यात शंका नाही.

वजनाचा विषय तर काढूच नका. ब्रोशरमध्ये रिकामं वजन छापलेलं असतं, त्यावर श्रद्धा ठेवा. ते बहुतेकदा मूळ मॉडेलचं असतं, तुम्ही टिकमार्क करायला लागण्यापूर्वीचं. समजा, रिकामी २,१०० किलो आणि कमाल मर्यादा २,५०० किलो. म्हणजे ४०० किलो सामान नेता येईल, केवढं तरी वाटतं! पाणी लिटरला एक किलो. शंभर-शंभर लिटरच्या दोन टाक्या भरल्या की दोनशे गेले. छतावरचा एसी, मंडप, गॅसचे दोन सिलिंडर, जादा बॅटरी मिळून सव्वाशे-दीडशे सहज. उरले पन्नास-पाऊणशे. त्यात भांडी, अंथरुणं, कपडे, खुर्च्या, अवजारांची पेटी आणि कुणीतरी हौसेने घेतलेली बिडाची कढई. इथे हिशेब थांबवावा, कारण यापुढे तो उणे जातो.

"तुमची गाडी तीन टन ओढते सर, बिनधास्त!" हे वाक्यही ऐकायला मिळेल. खोटं नसतं ते. पण गाडी आणि कॅराव्हॅन मिळून किती, याची बहुतेक गाड्यांना आणखी एक मर्यादा असते, आणि टो बॉलवरचा भार गाडीच्या स्वतःच्या वजनक्षमतेतून वजा होतो. त्यामुळे पूर्ण तीन टन ओढायचे तर कधीकधी मुलांना त्यांच्या दप्तरांसकट बसने पाठवावं लागतं. हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पण मॅन्युअल वाचायला कुणी गाडी घेतं का?

विजेबद्दल तुम्हाला एकच विचारायचंय: एसी रात्रभर चालेल का? उत्तर "चालेल" असंच येईल. कशावर, हे विचारलंत तर तुमची गणना कटकट्या गिऱ्हाइकांत होईल. बारा व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,२०० वॉट-अवर. साधी लेड-ॲसिड असेल तर टिकावी म्हणून त्यातली निम्मीच वापरायची. छोट्या एसीला कॉम्प्रेसर चालू असताना हजारेक वॉट लागतात. म्हणजे रात्र साधारण अर्ध्या तासाची. लिथियम घेतलीत तर तासाभराची. "पण सर, वर सोलर आहे ना!" आहे. पॅनेलवर छापलेले वॉट हे दर चौरस मीटरला १,००० वॉट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश, अशा प्रयोगशाळेतल्या स्थितीतले असतात. छतावर सपाट पडलेलं, तापून लाल झालेलं पॅनेल तितके देत नाही. आणि एसी रात्रभर हवाय, सोलर दिवसा चालतं, ही बारीकशी अडचण तिथे उभ्या असलेल्या कुणालाच सुचत नाही.

गॅसबद्दल मात्र एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून सांगतो. जमिनीलगत भोकं दिसतील, तिथून थंड वारा येईल, आणि "ती बुजवून देतो" असं एखादा उत्साही माणूस म्हणेल. बुजवू देऊ नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि त्याच भोकांतून बाहेर जातो.

बाकी भोकांबद्दल उदार राहा. छताला दोन जादा खिडक्या, टीव्हीचा अँटेना, एसी, सोलरच्या वायरी: प्रत्येकासाठी पत्रा कापावा लागतो आणि प्रत्येक काप सीलंटच्या भरवशावर असतो. पाणी आत शिरलं तरी ते लगेच दिसत नाही. आधी लाकडी सांगाडा मऊ होतो, मग कोपऱ्यात फुगवटा येतो आणि मग कुबट वास. तोवर वॉरंटी आपली आपली संपलेली असते. ती वाचायची तर बारीक अक्षरांसाठी चष्मा न्या, नाहीतर नकाच वाचू. वर्षाला आमच्याकडेच तपासणी केली असेल तर लागू. कच्च्या रस्त्यावर नेली नसेल तर लागू. मग बाजूला 'ऑफ-रोड' अशी हातभर अक्षरं का रंगवली, हे विचारायचं नाही. फ्रिज बिघडला तर फ्रिजवाल्याकडे जा, हीटर बिघडला तर हीटरवाल्याकडे. बांधणाऱ्याकडे उरते ती मनःपूर्वक सहानुभूती.

करार म्हणाल तर विश्वास ही मोठी गोष्ट आहे. जे ठरलं ते तोंडी ठरू द्या. ड्रॉइंगवर सही करा, पण त्यावर मापं आणि तारीख लिहायचा आग्रह धरू नका. आगाऊ रक्कम जितकी जास्त तितका तुमच्याबद्दलचा आदर जास्त. हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधा, सांगाडा उभा राहिला की इतके, आतलं काम झालं की इतके, असं कुणी सुचवेल. तो तुमच्या आनंदावर जळतोय. पुढे कारखाना बुडालाच, तर आगाऊ पैसे भरलेलं गिऱ्हाईक घेणेकऱ्यांच्या रांगेत बहुधा मागेच उभं असतं. बँक पुढे असते. निदान सोबत तरी चांगली असते.

आता वाट बघायची. सोळा आठवड्यांत देतो म्हणाले असतील तर कोणत्या सोळा, ते बोलणं झालेलं नसतं. मधून मधून फोन करा. "सर, आजच तुमचाच विषय चालला होता" हे वाक्य ऐकून बरं वाटतं. फोटो मागितलेत तर फोटोही येईल. त्यातला ओटा पुढे आहे आणि पडदे निळे आहेत म्हणून लगेच शंका घेऊ नये. कुणाची तरी कॅराव्हॅन बनतेय, यातही आनंद आहे.

ताबा घ्यायला शक्यतो संध्याकाळी जा, उजेड कमी असताना. दमलेले असाल तर आणखी बरं. तो तुम्हाला दिवे दाखवेल, रंग बदलणारे. संगीत लावेल. नळ सोडून खाली वाकून बघणं, शेगडी, फ्रिज, पंप, प्रत्येक खिडकी उघडून बंद करणं, टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचणं (२३१९ असेल तर टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला, आणि नव्या कॅराव्हॅनखालीही जुना टायर असू शकतो) असल्या चिल्लर कामांत हा मंगल क्षण वाया घालवू नका. वजनकाट्यावर नेऊन पावती घेऊ का, असं विचारलंत तर काटा आज बंद असतो. रोजच.

दोन-तीन वर्षांनी कॅराव्हॅन अंगणात जास्त आणि रस्त्यावर कमी असते, हे घरातल्या सगळ्यांच्या लक्षात येईल आणि तुम्ही ती विकायला काढाल. बांधून दिली त्यांच्याकडेच न्या. तोच सेल्समन भेटेल, तितकाच गोड, पण अचानक हुशार झालेला. आल्या आल्या टायरपाशी उकिडवा बसून शेवटचे चार आकडे मोठ्याने वाचेल. खिशातून ओलावा मोजायचं यंत्र काढून खिडकीच्या कोपऱ्याला टेकवेल आणि आकडा तुमच्याकडे वळवून धरेल. काट्याची पावती आहे का विचारेल. बॅटरी कुठली, किती वर्षांची, निम्म्याखाली किती वेळा उतरवलीत, तेही. आत जाऊन पलंगाकडे बघून मान हलवेल, "आडवा घेतलात होय?" टॉयलेटमध्ये बसेल, दार लावून घेईल आणि आतून म्हणेल, "गुडघे लागतायत सर." ओटा मागे कुणी ठेवायला सांगितला, हे तर दोनदा विचारेल. मग कागदावर एक रक्कम लिहून, कागद उलटा करून तुमच्या हातात देईल.

"कस्टमला गिऱ्हाईक मिळत नाही सर, तुम्हाला तर माहीतच आहे. पण तुमच्यासाठी एक करतो. ही आम्ही ठेवून घेतो, तुम्ही वर थोडी भर घाला आणि या खेपेला भिंत बाहेर सरकणारी, स्लाइड-आउटवाली बांधून घ्या."