औंदाचे मावळे

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. लांब होईल.

टिळकवाडीतल्या चार पोरांचा बँड. सतरा-अठरा वर्षांची पोरं, गाणं स्वतःचं. धृपदाची ओळ एवढीच: ‘औंदा मावळे डब्यातनं काढलेच न्हाईत.’ औंदा म्हणजे यंदा. दिवाळीत दारात तांबड्या मातीचा किल्ला, त्यावर पेरलेली मोहरी, आणि किल्ला मोडला की वर्षभर बिस्किटाच्या डब्यात जाऊन बसणारे मावळे. बेळगावात वाढलेल्या माणसाला याहून काय सांगायचं? आज एका स्पर्धेत परीक्षकांनी सांगितलं, ही ओळ काढा, भाषा शुद्ध करा, ‘हरवले ते निरागस बालपण’ असं काहीतरी थेट लिहा. आणि पोरं खरंच ओळ बदलायला बसलीत!

आठ वर्षांचं पोर स्वतःला निरागस म्हणतं का? तो शब्द मोठ्यांचा. तो गाण्यात आला की गाणारा चाळिशीचा वाटायला लागतो. डबा न उघडणारा पोरगा मात्र अजून त्याच घरात आहे, आणि डबा कपाटावर आहे.

इंडी रॉकमध्ये, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या रॉकमध्ये, मोठं होण्यावरची जी गाणी टिकली, ती अशाच डब्यांवर टिकली. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या आर्केड फायर या बँडचा ‘फ्युनरल’ हा अल्बम 2004 चा. त्यातल्या चार गाण्यांच्या नावात ‘नेबरहुड’, म्हणजे आपली गल्लीच. पहिल्यात बर्फाखाली सगळी वस्ती गाडली गेलीय आणि पोरगा आपल्या खिडकीपासून तिच्या खिडकीपर्यंत बोगदा खणतोय. पुढे ते दोघं बाळांची नावं ठरवायला बसतात, तर पूर्वी माहीत असलेली नावंच आठवत नाहीत. बालपण गेलं, हे कुणी म्हणत नाही. नावं आठवत नाहीत, बस्स.

त्यांच्याच 2010 च्या ‘द सबर्ब्स’चं शीर्षकगीत बघा. पियानो उड्या मारत चाललाय, आणि शब्दांत माणूस म्हणतोय की सगळ्याची नासाडी व्हायच्या आत मला मुलगी हवी, तिचा हात धरून तिला काहीतरी सुंदर दाखवायचंय. चाल रडवी असती तर हे ऐकवलं नसतं. छोट्या लेबलवरून, म्हणजे छोट्या रेकॉर्ड कंपनीकडून, आलेल्या याच अल्बमला 2011 मध्ये वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. लोकांना असली गाणी कळत नाहीत म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आणि अमेरिकेतला गायक सुफियान स्टीव्हन्स. त्याचा 2015 चा अल्बम ‘कॅरी अँड लोवेल’, आई वारल्यानंतरचा. तीन की चार वर्षांचा असताना आई आम्हाला व्हिडिओच्या दुकानात सोडून गेली, असं तो गातो. ‘तीन, कदाचित चार’. वय नीट आठवत नाही, दुकान मात्र पक्कं आठवतं. आठवण अशीच असते हो. ड्रम जवळजवळ नाहीतच, आवाज कानाशी. पोराचा बिस्किटाचा डबा तो हाच.

मान्य, बंगळूरच्या श्रोत्याला मावळे कळणार नाहीत. नुसत्या वस्तूंची यादी केली तरी गाणं होत नाही, हेही मान्य. पण म्हणून ‘औंदा’ पुसायचं? इथल्या मराठी पोराच्या तोंडात अजून तो शब्द आहे, यावर खरं तर टाळी द्यायला हवी होती.

असो. चिडून झालं, आता कामाचं. गाण्यात खरा दोष आहे, तो दुसरीकडे. अंतऱ्यांतल्या ओळी ‘गेले’, ‘झाले’, ‘राहिले’वर संपतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे असलं यमक फुकट मिळतं आणि कान ते आधीच ओळखतो. क्रियापद मधे आणा, ओळ वस्तूवर संपवा: माती, मोहरी, डबा. शेवटी आ किंवा ई आला की सूर लांबवता येतो. ‘न्हाईत’ त-वर बंद होतो, तिथं ताण द्यायला जाऊ नका, तोडून टाका. ते तुटणंच हवंय.

‘डब्यातनं’मधला ‘ब्या’ आज ऐकूच आला नाही. आवाजावरचा रिव्हर्ब, म्हणजे तो घुमारा, निम्मा करा, अंतऱ्यात गिटारचं डिस्टॉर्शन, म्हणजे ती खरखर, बंद ठेवा, माइक तोंडापासून चार बोटं.

धृपद तीनदा येतं, तिन्ही वेळा अर्थ तोच राहतो. पहिल्या अंतऱ्यात पोरगा आठ वर्षांचा असू दे, आजारी, म्हणून डबा बंद. दुसऱ्यात थोरला दादा पुण्याला नोकरीला गेलाय. तिसऱ्यात डबा उघडणारा तूच, आणि तुलाच नको वाटतंय. ओळ एका अक्षरानंही बदलू नका.

त्या तिसऱ्या वेळी ड्रम थांबवा. चार मात्रा काहीच नको. मग नुसती गिटार, आणि ‘औंदा’ हळू म्हण बाळा, घरात म्हणतोस तसं.